ग्लासभर पाण्याची कसोटी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रयोग अधूनमधून फिरून येतो. दोन ग्लासांत पाणी घेतात, त्यात थोडे व्हिनेगर घालतात आणि दोन वेगवेगळ्या गोळ्या टाकतात. एक गोळी दोन मिनिटांत फुटते, पाणी दुधाळ होते. दुसरी अर्धा तास तशीच तळाशी पडून राहते. मग प्रयोग करणारा सांगतो, ‘बघा, ही पोटातसुद्धा अशीच पडून राहणार. म्हणजे औषध बनावट.’ व्हिडिओ पाहणारा माणूस घरातल्या गोळ्यांचा डबा उघडतो आणि त्याच्या मनात शंका घर करते. कधी कधी त्या शंकेपायी रक्तदाबाची गोळी बंद होते आणि आठवडाभराने रुग्ण अपघात विभागात येतो.

या प्रयोगात दोन चुका आहेत. पहिली अशी, की तळाशी राहिलेली गोळी कदाचित मुद्दामच तशी बनवलेली असते. पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीवर एक लेप असतो. जठरातल्या आम्लात तो टिकावा आणि पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळावा, अशी त्याची योजना असते, कारण आम्लाशी गाठ पडली तर आतले औषधच नष्ट होते. व्हिनेगरच्या पाण्यात ही गोळी फुटली असती, तर उलट तीच सदोष ठरली असती.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. गोळी फुटणे आणि औषध विरघळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळद पाण्यात ढवळली तर पाणी पिवळे होते, पण थोड्या वेळाने हळद तळाशी बसते. मीठ ढवळले तर ते दिसेनासे होते आणि पुन्हा खाली बसत नाही. पहिल्यात कण नुसते पसरले, दुसऱ्यात पदार्थ विरघळला. दुधाळ झालेले पाणी न विरघळलेल्या कणांनी दुधाळ झालेले असते. आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाते ते विरघळलेले औषध. न विरघळलेला कण कितीही बारीक असला तरी बहुतांशी शौचावाटे बाहेर पडतो.

उत्तर चुकले असले तरी त्या व्हिडिओमागचा प्रश्न रास्त आहे. पाकिटावर लिहिलेले औषध गोळीत आहे, एवढे पुरेसे नाही. ते किती विरघळते आणि किती वेळात विरघळते, हे कोणी मोजले आहे का? औषधांच्या दर्जाची, जेनेरिक विरुद्ध ब्रँडची, सरकारी खरेदीची एवढी चर्चा आपल्याकडे होते, पण त्या चर्चेत हा साधा प्रश्न फारसा ऐकू येत नाही.

विरघळणे मोजतात कसे?

एखादा पदार्थ पाण्यात जास्तीत जास्त किती विरघळतो, म्हणजेच त्याची विद्राव्यता किती, हे मोजण्याची जुनी आणि आजही भरवशाची पद्धत अगदी सरळ आहे. बाटलीत पाणी घेतात आणि विरघळेल त्याहून जास्त पदार्थ घालतात. औषधाच्या बाबतीत तापमान शरीराइतके, ३७ अंश सेल्सिअस ठेवतात. बाटली एक-दोन दिवस सतत हलवत ठेवतात. पाण्याने जेवढे घ्यायचे तेवढे घेतले आणि उरलेला पदार्थ तळाशी राहिला, की ते द्रावण संपृक्त झाले. मग ते गाळून घेतात आणि स्वच्छ द्रावणात पदार्थ किती आहे ते यंत्रावर मोजतात.

पद्धत सरळ असली तरी घाई केली की फसवते. एक दिवस पुरला का, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजूनच कळते. तापमान दोन-चार अंशांनी बदलले तरी आकडा बदलू शकतो. गाळणीतून बारीक कण निसटले तर विद्राव्यता खोटीच जास्त दिसते. पाण्याचा सामू, म्हणजे त्याची आम्लता किंवा अल्कता, बदलला तर काही औषधांचा आकडा शेकडो पटींनी वरखाली होतो. म्हणून औषधाची विद्राव्यता जठराइतक्या आम्ल पाण्यापासून आतड्यासारख्या जवळपास उदासीन द्रावणापर्यंत, वेगवेगळ्या सामूला मोजावी लागते.

या आकड्यांमधला फरक थक्क करणारा आहे. एक लिटर पाण्यात साधारण २ किलो साखर विरघळते, मीठ सुमारे ३६० ग्रॅम, पॅरासिटामॉल सुमारे १४ ग्रॅम. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन मात्र एका लिटरमध्ये जेमतेम ३० मिलीग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणजे १०० मिलीग्रॅमची एक मात्रा नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळवायची तर सुमारे तीन लिटर पाणी लागेल. एक भाग पदार्थ विरघळवायला दहा हजार भागांहून अधिक पाणी लागत असेल, तर औषधकोश त्याला जवळजवळ अविद्राव्य म्हणतो. फेनिटॉइन त्याच रांगेत बसते.

मग असे औषध काम कसे करते? गोळीत बहुधा त्याचा सोडियम क्षार वापरतात. तो पाण्यात सहज विरघळतो, पण जठरातल्या आम्लात गेला की पुन्हा मूळच्या, न विरघळणाऱ्या रूपात येतो. पुढे आतड्यात थोडे थोडे औषध विरघळते, तेवढे रक्तात जाते, मग आणखी थोडे विरघळते. हा व्यवहार काही तास चालतो. तो किती नीट चालेल, हे कणांचा आकार, गोळीतला भराव, गोळी दाबण्याचा जोर, तिच्यावरचा लेप अशा अनेक गोष्टींवर ठरते. आणि या सगळ्या गोष्टी प्रत्येक कारखान्यात वेगळ्या असू शकतात.

१९९५ मध्ये अमेरिकेतील गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांची एक वर्गवारी मांडली. आज जगभरचे औषध नियंत्रक ती वापरतात. तिच्यात दोन प्रश्न विचारले जातात. औषध पाण्यात चांगले विरघळते का? आणि विरघळल्यावर आतड्याच्या भिंतीतून चांगले आत जाते का? पहिल्या प्रश्नासाठी माप ठरले ते २५० मिलीलिटर द्रवाचे. औषधाची सर्वांत मोठी मात्रा एवढ्या द्रवात, जठरापासून आतड्यापर्यंतच्या सामूला विरघळली, तर ते सुविद्राव्य. २५० मिलीलिटर म्हणजे गोळीसोबत प्यायचे ग्लासभर पाणी. ग्लासभर पाण्याची खरी कसोटी ही आहे, आणि ती प्रयोगशाळेतच करता येते.

मात्रा तीच, परिणाम वेगळा

पदार्थ किती विरघळतो आणि किती वेगाने विरघळतो, यांत फरक आहे. वेगाचे गणित १८९७ मध्ये आर्थर नॉयस आणि विलिस व्हिटनी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मांडले. पुढे त्यात कणांच्या पृष्ठभागाचा विचार जोडला गेला, आणि स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्यात बसली. खडीसाखर चहात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर लगेच विरघळते. साखर तीच, पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वेगळा.

औषधांत या फरकाची किंमत रुग्ण मोजतो. हृदयविकारावरचे डिगॉक्सिन अगदी कमी मात्रेत देतात आणि उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी बाजारातल्या वेगवेगळ्या डिगॉक्सिन गोळ्या सारख्याच मात्रेत देऊन रक्तातले प्रमाण तपासले. ते सात पटींपर्यंत वेगळे निघाले. गोळ्यांवरचा मात्रेचा आकडा मात्र एकच होता.

फेनिटॉइनची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फेफऱ्याच्या अनेक रुग्णांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. रक्तात फेनिटॉइन विषारी पातळीला पोहोचले होते. रुग्णांनी मात्रा वाढवली नव्हती, डॉक्टरांनीही नाही. शोध घेतल्यावर कळले, की कॅप्सूलमधला भराव बदलला होता. आधी कॅल्शियम सल्फेट होते, त्या जागी लॅक्टोज आले. जुन्या भरावातले कॅल्शियम औषधाचा काही भाग अडवून धरत होते. त्या अडवलेल्या औषधाच्या हिशेबानेच रुग्णांची मात्रा बसवली गेली होती. भराव बदलला, अडथळा गेला आणि तीच मात्रा जास्त झाली.

भराव हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो. पाकिटावर तो ठळक अक्षरांत नसतो. पण ब्रिस्बेनमध्ये त्यानेच माणसे आजारी पाडली. जुनी कॅप्सूल चांगली होती की नवी, हा तिथे मुद्दाच नव्हता. एका प्रकारच्या गोळीवर स्थिरावलेला रुग्ण दुसऱ्या प्रकारावर गेला आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, यातून अपाय झाला.

औषध खिडकीवर

आता आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाची औषध खिडकी डोळ्यांसमोर आणावी. तालुक्याच्या गावाहून आलेली आई मुलाचा केसपेपर पुढे करते. मुलाला दोन वर्षे फिट आलेली नाही. खिडकीतून पाकीट मिळते. ती ते उलटसुलट करून पाहते.

‘दादा, मागच्या वेळी पांढरी गोळी होती. ही वेगळीच दिसतेय.’

‘मावशी, औषध तेच आहे. कंपनी बदलली. पुढे व्हा.’

खिडकीतला माणूस खोटे बोलत नाही. औषधाचे नाव तेच आहे, मात्राही तीच. निविदा बदलली, पुरवठादार बदलला. बहुतेक औषधांच्या बाबतीत या बदलाने काही बिघडत नाही. पॅरासिटामॉल किंवा अमॉक्सिसिलिन चांगल्या रीतीने बनवले असेल, तर कंपनी कोणती याला फारसा अर्थ नसतो. फेनिटॉइनसारख्या औषधाच्या बाबतीत मात्र त्या आईने विचारलेला प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने विचारावा असा आहे. रक्तातले प्रमाण दर मिलीलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमच्या मध्ये राहावे लागते. यकृताची ते हाताळण्याची क्षमता भरत आली, की थोडीशी वाढही पातळी एकदम वर नेते. पातळी उतरली तर फिट येते. ती शेतात, विहिरीच्या काठावर, चुलीपुढे किंवा मोटारसायकलवरही येऊ शकते. रक्तातली पातळी तपासण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीही सर्वत्र नाही. त्यामुळे पुन्हा फिट आली की ‘गोळ्या चुकवल्या असतील’ असा निष्कर्ष काढला जातो आणि दोष रुग्णाच्या घरच्यांवर जातो.

पुरवठादार तोच असला तरी प्रश्न संपत नाही. फेफऱ्यावरचेच दुसरे औषध कार्बामाझेपीन दमट हवेत पाणी धरते. गोळी कडक होते आणि हळू विरघळते. दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पूर्वीच दिला आहे. जिलेटिनच्या कॅप्सूलही उष्ण आणि दमट हवेत दीर्घकाळ राहिल्या तर त्यांचे कवच विरघळायला वेळ लावते. कोकणातला जुलै, पत्र्याचे छप्पर, भिंतीला ओल आणि औषधांचे खोके जमिनीवर. कारखान्याच्या दारात उत्तम ठरलेली गोळी चार महिन्यांनी त्या खोक्यात तशीच राहिली असेल, हे गृहीत धरता येत नाही. बाहेर मुदत संपण्याची तारीख दोन वर्षे पुढची असते, म्हणून कोणी शंका घेत नाही.

त्वचारोगाच्या ओपीडीतले उदाहरण आता घराघरांत पोहोचले आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्ण देशभर हट्टी होऊन बसले आहे. त्यावर दिले जाणारे इट्राकोनाझोल हे विरघळण्याच्या बाबतीत अतिशय कठीण औषध आहे. उदासीन पाण्यात एका मिलीलिटरमध्ये ते ग्रॅमच्या अब्जावधीव्या भागाएवढे, म्हणजे नॅनोग्रॅमभर विरघळते. आम्लात प्रमाण काही हजार पटींनी वाढते, तरीही ते थोडेच राहते. म्हणून साखरेच्या बारीक दाण्यांवर औषधाचा विशिष्ट लेप चढवून ते दाणे कॅप्सूलमध्ये भरतात. दाण्यांची संख्या, आकार आणि लेपाचा दर्जा यांवर औषध किती विरघळेल हे ठरते. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून हे दाणे मोजले, कारण दर्जा कळण्याचा सोपा मार्ग त्यांच्या हाती नव्हता. गजकर्ण बरे न होण्याला स्टेरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर आणि बुरशीतला औषधरोध ही मोठी कारणे आहेत, हे खरेच. पण तज्ज्ञ डॉक्टरला कॅप्सूल फोडून दाणे मोजावे लागतात, याचा अर्थ जी माहिती त्याला सहज मिळायला हवी ती कुठेतरी बंद फायलीत आहे.

चाचणी आहे, पण अहवाल कुठे आहे?

गोळीतून औषध किती वेगाने विरघळते हे पाहणारी चाचणी नवी नाही. तिला डिसोल्युशन चाचणी म्हणतात. १९७० मध्ये अमेरिकेच्या औषधकोशाने ती स्वीकारली. आज भारतीय औषधकोशातही असंख्य गोळ्या-कॅप्सूलसाठी ती सक्तीची आहे. काचेच्या सहा भांड्यांत ठरलेले द्रावण, बहुधा ९०० मिलीलिटर, ३७ अंशांवर ठेवतात. प्रत्येकात एक गोळी सोडतात. वल्ह्यासारखे पाते मिनिटाला ५० किंवा ७५ वेळा अशा ठरलेल्या गतीने फिरते. ठरावीक मिनिटांनी थोडे द्रावण काढून, गाळून, त्यात औषध किती उतरले ते मोजतात. पहिल्या सहा गोळ्या निकषात बसल्या नाहीत तर आणखी सहा घेतात, तरी शंका राहिली तर आणखी बारा.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची यादी जाहीर करते. त्या यादीतला कारणांचा रकाना वाचला तर ‘डिसोल्युशन’ हा शब्द वारंवार दिसतो. म्हणजे गोळीत औषध आहे, पण सुटत नाही. त्या यादीत अनोळखी नावे असतात तशी नामांकितही असतात. ‘महाग ते चांगले’ हा समज जसा खरा नाही, तसाच ‘नाव सारखे म्हणजे औषध सारखे’ हाही नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याची सक्ती करणारे नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. त्या तीन आठवड्यांत भरपूर वाद झाला. एका बाजूने डॉक्टर-कंपनी साट्यालोट्याचा आरोप झाला, दुसरीकडून जेनेरिकच्या दर्जावर शंका घेतली गेली. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण दर्जा ही मतांची गोष्ट नाही. तो मोजता येतो, आणि मोजलेले आकडे कंपन्यांकडे व प्रयोगशाळांकडे असतात. ते जाहीर करा, असे दोन्ही बाजूंनी एकमुखाने म्हटले असते, तर निम्मा वाद तिथेच मिटला असता.

कायद्याने एक पाऊल टाकले आहे. एप्रिल २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, कमी विरघळणाऱ्या वर्गांतील तोंडाने घ्यायच्या औषधांचा परवाना मागताना जैवसमतुल्यता सिद्ध करणे बंधनकारक झाले. म्हणजे नवी गोळी आणि मूळ गोळी निरोगी स्वयंसेवकांना देऊन रक्तातले प्रमाण सारखे आहे ना, हे दाखवायचे. निर्णय चांगला होता. पण त्याआधी परवाना मिळालेल्या असंख्य उत्पादनांना तो मागे जाऊन लागू झाला नाही. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीन ही जुनी औषधे आहेत. सर्वांत जास्त गरज जिथे आहे, तिथेच फट राहिली.

करता येण्यासारखे

ही फट बुजवायला नवा शोध लागत नाही. पहिले काम अहवाल उघडे करण्याचे. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की निर्माता, बॅच क्रमांक आणि तारखा कळतात. त्याच जागी त्या बॅचचा डिसोल्युशनचा निकाल का नसावा? सरकारी खरेदीत तर अट घालायला केंद्राची वाटही पाहावी लागत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आहे. प्रत्येक बॅचचा अहवाल संकेतस्थळावर टाकल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, असा नियम हे प्राधिकरण करू शकते. तमिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने १९९०च्या दशकापासून बॅचनिहाय तपासणीची शिस्त बसवली आहे. तपासणीनंतरच वाटप, हा त्या व्यवस्थेचा कणा आहे. आपल्याकडे नमुन्याचा अहवाल येतो तेव्हा अनेकदा औषध वाटून संपलेले असते.

दुसरे काम यादी करण्याचे. फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, डिगॉक्सिन, वॉरफेरिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन अशा मोजक्या औषधांत थोडा फरकही महागात पडतो. या औषधांसाठी दरवर्षी सर्वांत कमी बोलीकडे धावण्याऐवजी दोन-तीन वर्षांचा करार करावा. पुरवठादार बदलावाच लागला, तर केसपेपरवर तशी नोंद व्हावी आणि रुग्णाला पंधरा दिवसांनी बोलवावे. एका शिक्क्याने होणारे हे काम आहे.

तिसरे काम शेवटच्या फळीवरून नमुने घेण्याचे. पावसाळा संपला की कोकणातल्या, गडचिरोलीतल्या, नंदुरबारमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कपाटातून गोळ्या उचलाव्यात आणि त्या किती विरघळतात ते पाहावे. प्रयोगशाळा कमी आहेत, ही अडचण खरी आहे. पण राज्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि डिसोल्युशनचे यंत्र ही त्यांच्या प्रयोगशाळेतली नेहमीची वस्तू आहे. विद्यार्थी त्यावर प्रात्यक्षिके करतात. कायदेशीर कारवाईसाठी शासकीय विश्लेषकाचाच अहवाल लागतो, हे बरोबर. पण संशयित बॅच हुडकून काढण्याची प्राथमिक चाळणी या महाविद्यालयांकडून करून घेता येईल. विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल आणि राज्याला जागते डोळे मिळतील.

यावर आक्षेप येतील. खर्च वाढेल, लहान कंपन्या टिकणार नाहीत, औषधे महागतील. चाचणीचा खर्च असतोच, पण बॅचमधल्या लाखो गोळ्यांवर तो वाटला तर गोळीमागे नगण्य उरतो. पुन्हा आलेल्या एका फिटनंतरचा अतिदक्षता विभागातला खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो, आणि तो बहुतेक वेळा सरकारच करते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. भांड्यातली चाचणी म्हणजे माणसाचे आतडे नव्हे. भांड्यात उत्तीर्ण झालेली गोळी शरीरात कमी पडू शकते. म्हणूनच जुन्या औषधांसाठीही मुदत घालून जैवसमतुल्यता सिद्ध करून घ्यायला हवी. पण जी गोळी भांड्यातच विरघळत नाही, ती पोटात विरघळेल ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

हे होईपर्यंत रुग्णांच्या हातातही काही आहे. गोळी घोटभर चहासोबत न घेता ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी. लेप असलेली किंवा हळूहळू औषध सोडणारी गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय तोडू नये, कुटू नये. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्याव्यात आणि त्याच वेळी पित्ताची औषधे घेऊ नयेत. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यावी. गोळ्या न्हाणीघरात, ओट्यावर किंवा ओल्या भिंतीच्या फडताळात ठेवू नयेत. फेफऱ्याच्या, हृदयाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीचा रंग, आकार किंवा कंपनी बदलली, तर औषध थांबवू नये, पण डॉक्टरला जरूर सांगावे. जुने पाकीट जपून ठेवावे आणि पुढच्या वेळी दाखवावे.

आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या त्या आईला ‘पुढे व्हा’ याहून चांगले उत्तर मिळायला हवे. ‘कंपनी बदलली आहे, मावशी. या बॅचची तपासणी झाली आहे, अहवाल इथे लावला आहे. पंधरा दिवसांनी मुलाला दाखवून जा.’ एवढे म्हणायला अर्धे मिनिट लागते. ते खरे असावे, यासाठी मात्र मंत्रालयापासून आरोग्य केंद्राच्या कपाटापर्यंत प्रत्येकाला आपले काम करावे लागेल.